भिंत किती फुटांवर

१

दुपारी तीनला मी बत्तीस पायऱ्या चढतो. खाली चष्म्यांचं दुकान, मध्ये एका वकिलाचं ऑफिस, वर माझ्या मुलीची रेकॉर्डिंगची खोली. जावई दार उघडतो, पाणी देतो, आणि आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसतो. पाचला मी उठतो. तीन आठवडे हेच चाललं होतं.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. कॉम्प्युटरला त्याआधी कधी हात लावला नव्हता. लावायचं कारण असं झालं.

मुलगी गेली त्याला चार महिने झाले. घरात तिला पाचर म्हणायचे. एकदा एखाद्या गोष्टीत शिरली की निघायची नाही, म्हणून. रक्ताचा आजार निघाला आणि सात आठवड्यांत सगळं संपलं. त्या सात आठवड्यांत मी दवाखान्यात तीनदा गेलो. तिन्ही वेळा ती झोपलेली होती. तिसऱ्या वेळी खरंच झोपली होती की नाही, ठाऊक नाही. त्याआधी नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

जायच्या आधी तिनं आईसाठी अकरा मिनिटं बोलून ठेवलं. डोळ्यांचे थेंब कोणते आधी घालायचे, गॅसची नळी कधी बदलायची, शेजारीण पुन्हा पडदे मागायला आली तर काय सांगायचं, असलं सगळं. माझ्यासाठी त्यात एक शब्द नव्हता. मी तीनदा ऐकून खात्री केली.

बायको रोज सकाळी आंघोळीनंतर मोबाइल कानाला लावून ते ऐकायची. एके दिवशी तिनं मोबाइल खाली ठेवला.

"अहो, ही लांबून बोलते."

"आवाज कमी झाला असेल."

"आवाज कमी असणं वेगळं आणि लांब असणं वेगळं. मला फरक कळतो. तुमच्यासारख्या माणसाबरोबर चव्वेचाळीस वर्षं काढलीत."

मी मोबाइल कानाला लावला. तिचं म्हणणं बरोबर होतं. मुलगी पलीकडच्या खोलीतून बोलावी तशी बोलत होती.

"तिला जवळ आणा," बायको म्हणाली. कपाट सरकवायला सांगतात तसं.

मला काम सांगितलं की मी करतो. बाकीचं मला येत नाही.

२

जावई मला बाबा म्हणतो. मी त्याला काही म्हणत नाही. बोलायची वेळ आलीच तर 'तुम्ही' म्हणतो, भिंतीकडे बघून.

पण माणूस शिकवतो चांगला.

"याला रिव्हर्ब म्हणतात, बाबा. माईकपाशी बोललेला आवाज कोरडा असतो. त्याला कुठेतरी ठेवावं लागतं. हॉलमध्ये, जिन्यात, न्हाणीघरात."

"म्हणजे खोटी खोली."

"खोटीच."

"ती बांधायची कशी?"

त्यानं पडद्यावरची पाच गोल बटणं दाखवली. मी म्हटलं, एकेक सांगा, घाई नको.

साइज म्हणजे खोली केवढी. डिके म्हणजे आवाज किती वेळ रेंगाळून मरतो. डॅम्पिंग म्हणजे खोलीत गाद्या-पडदे आहेत की नुसती फरशी. प्री-डिले म्हणजे आपण बोलल्यावर पहिल्या भिंतीचं उत्तर किती उशिरा येतं. भिंत जवळ असली तर लगेच, लांब असली तर थांबून. आणि शेवटचं मिक्स. किती माणूस आणि किती खोली.

"डावीकडे शून्यावर नेलं की नुसता माणूस," जावई म्हणाला. "पूर्ण उजवीकडे नेलं की माणूस गायब. नुसती खोली राहते."

हे समजायला मला एक दुपार पुरली. रिकाम्या खोलीत शिरलो की मी आधी खाकरतो. पलीकडे पक्की भिंत आहे की नुसतं पार्टिशन, ते खाकरण्यातून कळतं. पन्नास वर्षं हेच केलं.

"ती म्हणायचीच," जावई म्हणाला. "बाबांना हे पाच मिनिटांत कळेल."

मी पाणी मागितलं.

३

त्यानं आईसाठीची ती फाइल उघडली. मुलीनं आवाजामागे थोडी खोली ठेवली होती, फार नाही. जावयानं मिक्स शून्यावर आणलं.

"आता नुसती तीच. ऐका."

ऐकलं. थेंबांचं सांगत होती. प्रत्येक वाक्यामागे खोली होती.

जावयानं बटण पाहिलं. शून्य. मग त्यानं तो रिव्हर्बच काढून टाकला. पुन्हा लावलं. खोली तिथेच.

"कधीतरी आवाजात भाजला गेला असेल," तो म्हणाला. "पक्का बसला असेल. म्हणजे आता निघणार नाही."

हे मला पटलं. लाकडात डाग मुरला की रंध्यानं निघत नाही, तसं. पण एक गोष्ट पटली नाही. आवाज तिनं इथेच रेकॉर्ड केला होता, काचेपलीकडच्या खोलीत. ती खोली मी स्वतः बांधली आहे. नऊ फूट बाय अकरा. भिंतींत ग्लासवूल, वर कापड, खाली जाड गालिचा. तिथे टाळी वाजवली तर ती हाताबाहेर जात नाही. घुमायला तिथे काही नाहीच.

मग हे घुमत होतं कुठे?

मी पंखा बंद करायला लावला. वायरी काढून पुन्हा जोडायला लावल्या. खाली जाऊन वकिलाच्या कारकुनाला विचारलं, तुमच्याकडे काही मशीन चालू आहे का. तो म्हणाला, आमच्याकडे साहेबसुद्धा चालू नाहीत. वर आलो. काही फरक नव्हता.

४

प्री-डिले मोजता येतो. पडद्यावर तिच्या शब्दाचा उंचवटा दिसायचा, मग सपाट जागा, मग भिंतीचा छोटा उंचवटा. मधली सपाट जागा मोजायची. जावई म्हणाला, आवाज एका मिलिसेकंदात साधारण फूटभर जातो. जाऊन यायचं, म्हणून आकड्याच्या निम्मे फूट. तिथे भिंत.

सोमवारी अठरा आले. म्हणजे भिंत नऊ फुटांवर. मी पेन्सिलीनं प्लायच्या तुकड्यावर लिहिलं. खोलीच्या मापाचं आहे, म्हणून जरा बरं वाटलं.

मंगळवारी सव्वीस आले. तेरा फूट.

"काल चुकलो असू," जावई म्हणाला.

"मी मापात चुकत नाही."

बुधवारी सदतीस. शुक्रवारी बावन्न. फाइल तीच, वाक्य तेच, थेंबांच्या बाटलीचं 'झाकण घट्ट लाव' हेच शब्द. जावयानं तिची जुनी डिस्क काढली. चार महिने कपाटात होती, कुणी हात लावला नव्हता. त्यातल्या प्रतीतही बावन्न.

बावन्नाचे सव्वीस फूट. मी खिडकीपाशी गेलो. माईकपासून सव्वीस फूट म्हणजे खालचा बोळ ओलांडून समोरच्या इमारतीची गच्ची. तिथे एक बाई चादरी वाळत घालत होती.

भाजलेला आवाज हलत नाही. मुरलेला डाग रोज पसरत नाही. मी जावयाकडे पाहिलं. त्यानं पहिल्यांदा माझ्यासमोर चष्मा काढून डोळे पुसले.

घरी गेलो तर बायको दारातच होती.

"जवळ आणायला सांगितलं होतं. तुम्ही तर आणखी लांब नेताय."

"मी काही केलेलं नाही."

"तेच तर," ती म्हणाली.

५

"तिनं हा आवाज ठेवला होता कुठल्या खोलीत?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

जावयानं तिच्या खोल्यांची यादी उघडली. एकच नाव होतं. बाबांची खोली.

"खऱ्या खोलीचा ठसा घेता येतो, बाबा. रिकाम्या खोलीत एकच टाळी वाजवायची आणि सगळं शांत होईपर्यंत रेकॉर्ड करत राहायचं. तेवढ्यावरून मशीनला खोली कळते. मग कुणाचाही आवाज त्या खोलीत ठेवता येतो. टाळीनंतर मात्र कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. जे रेकॉर्ड होईल ते खोलीचाच भाग होतं. चुकून काही आलं तर शेवटी शेपूट कापून टाकायचं."

मला आठवलं. आठवायचं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी. खोलीची लाकडं बसली होती, ग्लासवूल अजून भरायचं होतं; ते पुढे दुसऱ्यानं भरलं. नुसत्या फळ्यांची खोली छान घुमत होती. ती म्हणाली, बाबा, ही झाकायच्या आधी मला हिचा आवाज ठेवायचाय. तिनं माईक लावला. मी सागाच्या दोन रिपा एकमेकींवर मारल्या. आणि दोन मिनिटांपूर्वीच तिनं मला सांगितलं होतं की मागच्या दोन खोल्यांत ती या माणसाबरोबर संसार मांडणार आहे. सगळं ठरलं होतं. मला न विचारता माझ्याच हातानं तिनं आपलं वेगळं घर बांधून घेतलं होतं.

"लावा," मी म्हटलं.

खट्ट. रिपा. फळ्या घुमल्या. घुमणं संपायच्या आत एका माणसाचा आवाज आला. तरुण होता, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी.

"माझ्या घरात तुला आता जागा नाही."

मग दार.

"नऊ वर्षं तिनं जे केलं, त्या सगळ्यामागे हीच खोली आहे," जावई म्हणाला. "गाणी, जाहिराती, मुलांच्या गोष्टी. शब्द कुणाला कळत नाहीत, आवाजात विरून जातात. मी किती वेळा म्हटलं, शेपूट काप, नवशिकासुद्धा कापतो. म्हणायची, खोली अशीच आहे."

६

दार लागल्यावर फाइल संपायला हवी होती. चार सेकंदांची फाइल. जावयाला पाठ होती.

पडद्यावर सव्वीस सेकंद लिहिलेले होते.

आम्ही ऐकत राहिलो. दारानंतर थोडा वेळ काही नाही. मग पावलं. मी त्या दिवशी गेलो तेव्हा माझ्या पायात चपला होत्या, आणि दारापासून जिना तीन पावलांवर. ही पावलं अनवाणी होती. फळ्यांवरून चालत होती, दाराकडे नाही, आत. माईकपासून लांब. मी मोजली. अठरा. अकरा फुटांच्या खोलीत अठरा पावलं सरळ कुणी चालू शकत नाही. भिंत मध्ये येते.

दुसऱ्या दिवशी फाइल चाळीस सेकंदांची झाली. पावलं तीस. शेवटची अगदी बारीक. ती कुठे वळत नव्हती, थांबत नव्हती. पुढे जायला सांगितलेलं माणूस जाईल तशी जात होती.

जावयाचं बोट माउसवर होतं. "कापू का, बाबा? तुमच्या वाक्यापासून पुढचं सगळं? खोली स्वच्छ होईल. कदाचित आवाजही..."

"नको."

"का?"

"ती त्यात चालतेय."

त्यानं बोट उचललं. मी त्याला म्हटलं, "तुम्ही इथेच बसा. मी आत जातो. माईक चालू करा, आणि माझा आवाज या खोलीत ठेवा."

"या म्हणजे..."

"माझ्या."

७

आत गेलो, दार लावलं. ग्लासवूलच्या खोलीत दार लागलं की कान भरून येतात. काचेपलीकडे जावई, त्याच्यामागे उघडी खिडकी आणि चार वाजताचं ऊन. मी स्टुलावर बसलो, हेडफोन लावले.

मला माफी मागता येत नाही. कधी मागितली नाही, त्यामुळे ते हत्यारच माझ्या पेटीत नाही. मग जे येतं ते बोललो.

"पाचरे. ऐक. खोली नऊ बाय अकरा आहे."

माझा आवाज गेला. वाट पाहिली. परत आला, लांबून, थकलेला. जावयानं कागदावर आकडा लिहून काचेला लावला. एकशे दहा.

"दार तुझ्या पाठीमागे आहे. उलटी फिर. उजवा हात बाहेर धर. तिथे भिंत आहे. लागत नसेल तरी आहे, मी बांधली आहे. तिला धरून ये."

कागद. एकशे चार.

"सावकाश ये. फळ्या तासलेल्या आहेत, पायाला कुसळ लागणार नाही."

अठ्ठ्याऐंशी. जावयाचे अंक वाकडे येत होते.

मी बोलत राहिलो. मापं सांगितली. चौकटीचं लाकूड कुठून आणलं ते सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही. साठ. एक्केचाळीस. माझाच आवाज दर वेळी लवकर परत येत होता, आणि त्याच्याखाली पावलं होती.

"दारापासून चौथी फळी उचललेली आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी ठोकायची राहिली. जपून."

हेडफोनमध्ये फळी कुरकुरली. मला माझी फळी कळते. खरी फळी गालिचाखाली आहे, तिथे आज काही कुरकुरत नाही.

बावीस. नऊ. मग जावयानं कागद लावलाच नाही.

मी तोंड मिटलं. श्वास धरला. जावई पडद्याकडे पाहत होता. मग त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. माईकपाशी किती आवाज आहे ते दाखवणारी हिरवी पट्टी असते. ती वर चढत होती, खाली उतरत होती. सावकाश. पुन्हा वर. पुन्हा खाली. आमच्यातलं कुणीही बोलत नव्हतं.

मी हेडफोन काढले. तो आवाज हेडफोनबरोबर गेला नाही. माझ्या डाव्या कानाशी राहिला. कोरडा, जवळचा. त्याच्यामागे खोली नव्हती.

मी मान वळवली नाही. भीतीनं नाही. वळवली आणि कुणी नसलं तर, म्हणून.

८

सकाळी बायकोनं आंघोळ करून मोबाइल कानाला लावला. अकरा मिनिटं लावून धरला. मग माझ्यापुढे ठेवला. मीही ऐकलं. आत काही नव्हतं. मिनिटं पुढे सरकत होती, पण थेंब नाहीत, नळी नाही, झाकण नाही. जावयाला फोन केला. तिथेही तसंच, डिस्कवरही तसंच.

"कुठे नेलीत तिला?"

मी सांगितलं. सगळं, त्या वाक्यासकट. नऊ वर्षं बायकोला ते वाक्य माहीत नव्हतं. मुलीनं सांगितलं नव्हतं आणि मीही नाही. ती रडेल असं वाटलं. ती रडली नाही. सकाळचा चहा तिनं तसाच मोरीत ओतला. दुपारी स्वतःचं ताट वाढलं, तेही न खाता झाकून ठेवलं.

"मला वर न्या," ती म्हणाली.

तिचे गुडघे गेलेत. चार वर्षं ती जिना चढलेली नाही, मुलगी रविवारी खाली चष्म्यांच्या दुकानापाशी येऊन भेटायची. जावई आणि मी तिला खुर्चीत बसवून उचललं. मी वर, तो खाली.

"नीट धरा. मी कपाट नाही," ती म्हणाली. वकिलाच्या दारापाशी मला दम लागला. "टेकवा जरा," मी जावयाला म्हटलं, आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं. तो म्हणाला, "घाई नाही, बाबा."

आत तिला स्टुलाशेजारी बसवलं. मी स्टुलावर बसलो. जावयानं बाहेर जाऊन माईक चालू केला. दार लागलं. कान भरून आले.

श्वास तिथेच होता. माझ्या डाव्या बाजूला. सावकाश.

बायको खूप वेळ ऐकत बसली. डोळे मिटले, मान कलती केली, पदर कानामागे सारला. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. शेवटी तिनं डोळे उघडले.

"मला काही ऐकू येत नाही हो."

काचेपलीकडे हिरवी पट्टी वर जात होती, खाली येत होती. जावयानं तोंडावर हात धरला होता.

"आहे का ती?"

"आहे."

"काय म्हणते?"

ती काही म्हणत नव्हती. नुसता श्वास होता. पन्नास वर्षांत मी कुणाला खोटं माप दिलेलं नाही, गिऱ्हाइकाला नाही, मालकाला नाही. बायको माझ्या तोंडाकडे पाहत होती. बारा वर्षांची मुलगी पाहील तशी.

"विचारते," मी म्हटलं, "आई जेवली का."

बायकोची हनुवटी हलली. तिनं पदर सारखा केला आणि माझ्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे तोंड केलं.

"जेवले गं," ती म्हणाली. "पोटभर जेवले. तू काळजी नको करूस."

हिरवी पट्टी खाली आली आणि खालीच राहिली. कानाशी श्वास थांबला. गेल्यासारखा नाही. कुणाचं बोलणं नीट ऐकताना माणूस धरून ठेवतं, तसा.